शनीसमोर बसून

'इंटरस्टेलर'मधला रोमिली नावाचा शास्त्रज्ञ यानाच्या भिंतीला हात लावून अस्वस्थ होतो. काही मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम, आणि त्यापलीकडे कित्येक कोटी मैल जगण्यासारखं काहीही नाही. यान चालवणारा कूपर त्याला कानाला लावायला इअरफोन देतो. त्यात पाऊस, रातकिडे, ढगांचा गडगडाट. लगेच आपण यानाबाहेर येतो. शनी पडदाभर, त्याच्यासमोर यान म्हणजे एक पांढरा ठिपका, आणि कानात पृथ्वीवरचा पाऊस.

घरच्या टीव्हीवर हा ठिपका शोधावा लागतो. फोनवर तो जवळजवळ नसतोच. घरी शनीसुद्धा माझ्यापेक्षा लहान असतो, त्यामुळे यान इवलंसं आहे ही नुसती माहिती उरते. आयमॅक्समध्ये मान फिरवल्याशिवाय कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत नाहीत. तिथे मी शनीपेक्षा लहान असतो आणि त्या ठिपक्यात चार माणसं बसलेली आहेत हे अंगावर येतं. मोठा पडदा हवा तो यासाठी. भव्य गोष्ट आणखी भव्य दिसते हा त्याचा कमी महत्त्वाचा गुण. लहान गोष्ट किती लहान आहे, हे त्याच्याशिवाय कळत नाही.

*

चित्रपट नोव्हेंबर २०१४चा. आपल्याकडे तो आयमॅक्समध्ये पुन्हा लागला फेब्रुवारी २०२५मध्ये. माझ्या रांगेतली बहुतेक मुलं कॉलेजातली. पहिल्यांदा आला तेव्हा ती प्राथमिक शाळेत असणार. संवाद त्यांना पाठ होते. कथा माहीत, शेवट माहीत, घरी बसून फुकट बघायची सोय खिशात, तरी सकाळच्या खेळाला गर्दी. थिएटर संपलं असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी तिथे असायला हवं होतं.

*

आता गार्गान्चुआ, म्हणजे चित्रपटातलं कृष्णविवर. वस्तुमान दहा कोटी सूर्यांएवढं.

भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी समीकरणं लिहून दिली आणि लंडनच्या 'डबल निगेटिव्ह' कंपनीतल्या मंडळींनी त्यांवरून नवा प्रोग्रॅम लिहिला. नेहमीच्या कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये प्रकाशाचा किरण सरळ जातो असं धरून चालतात. इथे गुरुत्वाकर्षण त्याला वाकवणार, म्हणून प्रत्येक किरणाची वाट नव्याने मोजावी लागली. काही फ्रेम तयार व्हायला शंभर तासांपर्यंत लागले, आणि पडद्यावर एका सेकंदात अशा चोवीस फ्रेम निघून जातात.

त्या विवराभोवती तापलेल्या वायूची एकच सपाट चकती फिरते आहे. मग विवराच्या वर आणि खाली त्या झगझगीत कमानी कुठून आल्या? त्याही त्याच चकतीच्या. चकतीचा मागचा भाग विवराआड लपायला हवा. पण त्याच्या वरच्या बाजूचा प्रकाश विवरावरून वळून आपल्यापर्यंत येतो, खालच्या बाजूचा खालून वळून येतो. म्हणजे आपण समोर बसून मागची बाजू बघत असतो. कुणा कलाकाराने ती कमान सुंदर दिसते म्हणून काढलेली नाही. ती हिशेबातून आली, आणि सुंदर निघाली. याच कामावर थॉर्न आणि त्या मंडळींनी मिळून २०१५मध्ये शोधनिबंधही प्रसिद्ध केला. हे कळल्यावर माझं त्या चित्राकडे बघणं बदललं. डोळे दिपवणारी दृश्यं शेकड्याने असतात. दिपवणारं आणि खरंही असलेलं दृश्य क्वचित मिळतं.

*

मात्र पूर्ण खरं नाही. चकतीची जी बाजू आपल्या दिशेने येते ती जास्त तेजस्वी आणि निळसर दिसायला हवी, दूर जाणारी मंद आणि लालसर. प्रेक्षक गोंधळेल म्हणून दिग्दर्शक नोलनने हा फरक काढून टाकला आणि दोन्ही बाजू सारख्या उजळ ठेवल्या. मला हे खटकतं. विवराजवळच्या ग्रहावर एका तासात पृथ्वीवरची सात वर्षं जातात हे ज्या प्रेक्षकाला समजतं, तो अर्धा लाल, अर्धा निळा प्रकाशही पचवू शकला असता.

ज्याँ-पिएर ल्युमिने या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९७९मध्येच कृष्णविवराचं असं चित्र काढलं होतं. आकडेमोड पंचकार्डवाल्या संगणकावर, आणि चित्र मात्र स्वतःच्या हाताने, शाईचा एकेक ठिपका देत. त्यात एक बाजू उजळ आहे आणि दुसरी अंधारी. एप्रिल २०१९मध्ये एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र आलं, त्यातही कडं एका बाजूला जास्त उजळ होतं. ते पाहताना मला आधी ल्युमिनेचे ठिपके आठवले.

*

१९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने एक कथा आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. कथेचं नाव 'कृष्णविवर', आणि लेखक जयंत विष्णू नारळीकर. नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती. तेव्हाच्या मराठी वाचकाने कृष्णविवर पाहिलं ते कागदावरच्या शाईत. चित्र ज्याचं त्याने मनात काढायचं. कुणी कसं काढलं असेल? नुसतं काळं भोक? भोवरा? नारळीकर २० मे २०२५ला गेले. मला आठवत राहिलं की हा शब्द आमच्या घरात सिनेमाने आणला नाही, त्यांनी आणला.

*

मध्यंतर. पडद्यावर माणसं दुसऱ्या दीर्घिकेत, आणि इथे एकदम दिवे, कर्कश जाहिराती, समोशांची रांग. हा चित्रपट मध्यंतर धरून बांधलेलाच नाही. १६९ मिनिटं लोक बसतील. बसवून तरी बघा.

*

यानाच्या खिडकीतून दिसणारं अवकाश अभिनेत्यांना खरोखर दिसत होतं. हिरवा पडदा लावून नंतर चित्र भरण्याऐवजी सेटबाहेर अवाढव्य पडदे उभारून त्यांवर आधी तयार केलेली दृश्यं प्रोजेक्टरने टाकली. म्हणून हेल्मेटच्या काचेवरचं प्रतिबिंब खरं, चेहऱ्यावर सरकणारा उजेडही खरा. पाण्याचा ग्रह आइसलँडमधला. धूळही खरीच उडवलेली, पंखे लावून. मक्याची शेतं तर कॅनडात अल्बर्टा प्रांतात मुद्दाम पेरली, पाचशे एकरांच्या आसपास. इतका खटाटोप कशाला, असं कुणी विचारलं तर मी अ‍ॅन हॅथवेच्या डोळ्यांत पडलेल्या उजेडाकडे बोट दाखवेन.

*

धुळीबद्दल. सुरुवातीला काही वृद्ध माणसं कॅमेऱ्याकडे बघून आठवणी सांगतात. त्यांतली बहुतेक अभिनेते नाहीत. १९३०च्या दशकात अमेरिकेत धुळीच्या वादळांनी शेती उद्ध्वस्त केली, त्यातून गेलेली ही माणसं. केन बर्न्सच्या माहितीपटातून त्यांच्या मुलाखती घेतल्या आहेत. जेवणाच्या टेबलावर ताटं पालथी ठेवायची, जेवायला बसलं की सुलटी करायची. भविष्यकाळातल्या चित्रपटात हा तपशील भूतकाळातून येतो, आणि संपूर्ण चित्रपटात मला सर्वांत भीतीदायक तोच वाटतो. पाण्याच्या ग्रहावरच्या कुठल्याही लाटेपेक्षा.

*

मक्याच्या शेतावरून एक ड्रोन जातं. भारतीय हवाई दलाचं. आमच्या थिएटरात टाळ्या, शिट्ट्या. कूपर गाडी पिकात घालून त्याचा पाठलाग करतो. मग कळतं की दिल्लीचं नियंत्रण केंद्र दहा वर्षांपूर्वीच बंद पडलं आहे आणि हे विमान सूर्याच्या ऊर्जेवर तेव्हापासून उडतंच आहे, परत बोलावणारं कुणी नाही. टाळ्या थांबल्या. एका देशाचं काय झालं ते दोन वाक्यांत सांगून चित्रपट पुढे गेला.

*

पाण्याच्या ग्रहावरून परतल्यावर कूपर मागे साठलेले निरोप बघायला बसतो. त्याचे काही तास गेले, पृथ्वीवर तेवीस वर्षं. मुलगा मोठा होतो, लग्न करतो, त्याचं मूल जातं, आणि शेवटी मुलगी समोर येते ती बापाच्या वयाची होऊन. कॅमेरा पुन्हा पुन्हा कूपर झालेल्या मॅथ्यू मॅकॉनहेच्या चेहऱ्याकडे परततो.

मघाशी जिथे शनी होता तिथे आता एक रडणारा माणूस. पडदा तोच. अवकाशाचे चित्रपट चेहरे विसरतात अशी तक्रार मी बऱ्याचदा ऐकली आहे, आणि पुष्कळ चित्रपटांबाबत ती खरीही आहे. इथे मात्र लाटा, ग्रह, विवर हे सगळं या चेहऱ्यापर्यंत पोचण्यासाठी रचलं आहे. काळाचं गणित कळलं नसेल तर हे रडणं साधं वाटतं. ते कळलं की असह्य होतं.

*

संगीतकार हॅन्स झिमरला नोलनने आधी फक्त एक पान दिलं, बाप आणि मूल यांच्याबद्दल. चित्रपट अवकाशाचा आहे हे सांगितलंच नाही. नंतर लंडनच्या टेंपल चर्चमधला पाइप ऑर्गन ध्वनिमुद्रित केला. हे वाद्य हवेवर चालतं. हवा संपली की स्वर संपला. यानातल्या माणसांचंही तसंच आहे. काही ठिकाणी तो ऑर्गन संवाद गिळून टाकतो आणि खुर्चीचे हात थरथरतात. मी तक्रार करणार नाही. पण खरा कस शांततेत लागतो: डॉ. मान हा शास्त्रज्ञ यानाचं दार उघडताना बोलत असतो, स्फोट होतो, आणि कॅमेरा बाहेर असल्यामुळे काहीही ऐकू येत नाही. भरलेल्या थिएटरात कुणी खोकलं नाही.

*

प्रेम ही गुरुत्वाकर्षणासारखी काळापलीकडे जाणारी शक्ती आहे, असं हॅथवेची ब्रँड सांगते तो प्रसंग मला या वेळीही कच्चा वाटला. जे निरोपांच्या प्रसंगात बघितलं ते इथे बोलून दाखवायची गरज नव्हती.

*

चित्रपट आल्यानंतर वर्षाच्या आत, १४ सप्टेंबर २०१५ला, लायगो प्रकल्पाने दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा टिपल्या. थॉर्न यांना त्यासाठी २०१७चं नोबेल मिळालं, राय्नर वाइस आणि बॅरी बॅरिश यांच्यासोबत. लायगोची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. केंद्राने एप्रिल २०२३मध्ये सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. औंढ्याच्या शाळांतल्या मुलांना बस करून हा चित्रपट मोठ्या पडद्यावर दाखवायला हवा, आणि मग सांगायला हवं की याचा पुढचा भाग तुमच्या गावाशेजारी आहे.

*

'२००१: अ स्पेस ओडिसी' मी अजून मोठ्या पडद्यावर पाहिलेला नाही. १९६८चा, म्हणजे माणूस चंद्रावर उतरण्याच्या आधीचा. त्यातही पडद्यावर चित्र टाकून त्यासमोर अभिनय करवून घेतला होता. बिबट्याचे डोळे चमकतात ते त्याच प्रोजेक्टरच्या उजेडाने. २०१८मध्ये नोलनच्या देखरेखीखाली त्याची ७० मिलिमीटरची नवी प्रत निघाली, कान महोत्सवात दाखवली गेली. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाने किंवा एखाद्या फिल्म सोसायटीने जमेल त्या प्रतीत, जमेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर तो एकदा लावावा. लहान मुलांनाही आत सोडावं. नोलनने तो लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये वडिलांबरोबर पाहिला तेव्हा तो स्वतः सात वर्षांचा होता.