उजेड उतरताना ऐकावा

पक्षीनिरीक्षण या शब्दाच्या पोटातच डोळा बसला आहे. निरीक्षण म्हणजे न्याहाळणे, त्यामुळे गळ्यात दुर्बीण अडकवलेला माणूस दिसलेल्या पक्ष्यांचाच हिशेब मांडतो. पनामाच्या सखल वर्षावनात हा हिशेब पहिल्या तासातच विसकटतो. गाम्बोआ गावाजवळ सोबेरानिया राष्ट्रीय उद्यानातून जाणारा पाइपलाइन रोड जगभरच्या पक्षीवेड्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात पनामा कालवा बंद पडलाच, तर तेल एका महासागराकडून दुसऱ्याकडे न्यावे म्हणून तेलवाहिनीसाठी हा 17 किलोमीटरचा कच्चा रस्ता काढला. ती वाहिनी कधी वापरावी लागली नाही, आणि रस्ता पाखरांच्या वाट्याला आला. या रस्त्यावर झुंजूमुंजू व्हायच्या आधी गाइडबरोबर उभे राहणे हा मुळात ऐकण्याचा धडा आहे. दिसलेल्या पक्ष्यांच्या आकड्यावरून त्या पहाटेचे मोल करणे मला चुकीचे वाटते.

कारण साधे आहे. भर दुपारीही या रानाच्या तळाशी वरच्या उजेडातला शेकडा एकदोन हिस्साच पोचतो, मग पहाटेची गोष्टच सोडा. तिथल्या पक्ष्याला आपली हद्द सांगायची तर आवाजाशिवाय गत्यंतर नाही, आणि तो आवाजही रानाने घडवलेला असतो. पक्षीतज्ज्ञ यूजीन मॉर्टन यांनी 1975 साली पनामातल्या पक्ष्यांच्या आवाजांवर लेख लिहिला. रानाच्या तळाशी राहणारे पक्षी खालच्या पट्टीत, सरळ शीळ घालतात आणि माळावरच्यांच्या आवाजात भरभर थरथर जास्त असते, असे त्यांना आढळले. बारीक, चिरका आवाज पानापानांवर आपटून विरतो, तर जाड शीळ वाट काढत पुढे जाते. मुठीएवढी, जवळजवळ बिनशेपटीची अँटपिट्टा पाचोळ्यात उभी राहून पोकळ सूर लावते तेव्हा ती नेमकी हेच करत असते. पहाटेच्या गलक्यालाही क्रम आहे. इक्वेडोरमधल्या रानात झालेल्या, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की झाडांच्या वरच्या थरात चरणारे आणि मोठ्या डोळ्यांचे पक्षी आधी बोलू लागतात. उजेड आधी माथ्यावर येतो आणि मग खाली झिरपतो. तो माडीवरून जिना उतरावा तसा उतरताना इथे कानांनी कळतो. नवख्याला मात्र हा गलका नुसता गोंगाट वाटतो. त्यातला जिना उलगडून दाखवतो तो गाइड.

यावर कुणी म्हणेल, की हे सगळे दुसऱ्याच्या कानांनी ऐकणे झाले. गाइडने नाव सांगितले, आपण वहीत उतरवले, यात आपले काय? आक्षेप खरा आहे, पण तो नावापुरता. चांगला गाइड नावाच्या आधी जागा सांगतो: आवाज किती लांबून येतो, छतातून की बुंध्यापासून, एकच पक्षी आहे की जोडी सवाल-जवाब करते आहे. नावे तर हल्ली फोनही सांगतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या मर्लिन ॲपला 2021 पासून आवाज ओळखता येतात, आणि त्याचा उपयोग नाकारण्यात अर्थ नाही. पण अंधारात मान कुठे वळवायची, हे तो सांगत नाही. टेड पार्कर या अमेरिकन पक्षीतज्ज्ञाला सुमारे 4,000 जातींचे पक्षी आवाजावरून ओळखता येत, असे म्हणतात. 1993 साली इक्वेडोरमध्ये विमान अपघातात तो गेला. त्याच्यामागे ध्वनिमुद्रणांचा मोठा साठा उरला, पण कुठला आवाज कुठून यायला हवा होता आणि आज आला नाही, हे जाणणारा कान काही मागे ठेवता येत नाही. (आणि आपल्याला हे नवे वाटू नये. पावशाला न पाहताच ‘पेर्ते व्हा’ ऐकणाऱ्या शेतकऱ्याने त्याची ओळख कानांनीच पटवली होती.)

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. कान इतके थोर, तर गाइड मुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला समोर का आणतात? कारण गिऱ्हाइकाला डोळ्यांचा मोबदला हवा असतो. पण तो आवाज ऐकून, आपल्या हद्दीत परका नर शिरला असे वाटून पक्षी खाणेपिणे सोडून धावत येतो. उठसूट असा आवाज वाजवणारा गाइड मला अर्धाच गाइड वाटतो.

डोळ्यांची पाळी येतच नाही असे नाही. लष्करी मुंग्यांची फौज पाचोळा उसवत निघते, किडे जीव घेऊन पळतात आणि अँटबर्ड त्यांना टिपायला टपलेले असतात. त्या वेळी दुर्बिणीवाचून चालत नाही. पण ती फौज रानात नेमकी कुठे आहे, याचा पत्ताही आधी त्या पक्ष्यांच्या कुरकुरीतूनच लागतो.

तेव्हा पाइपलाइन रोडला कधी गेलात, तर पहिला अर्धा तास दुर्बीण पिशवीतच राहू द्या. यादी चुकेल अशी धास्ती नको. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नुसता ऐकलेला पक्षीही धरतात.