टाका पाहून घ्यावं

संस्थांमधल्या मुलींना शिवण शिकवायचं आणि त्यांनी केलेल्या वस्तू प्रदर्शनात विकायच्या, हे मला फार काळ पटत नव्हतं. आपल्या नगरमध्ये 'स्नेहालय' १९८९ पासून वेश्याव्यवसायातल्या स्त्रिया आणि त्यांच्या मुलांसाठी काम करतं आहे. अशा कामाबद्दल मनात आदर होता आणि आहे. पण सगळीकडच्याच संस्थांविषयी एक प्रश्न छळायचा: सुटून आलेल्या मुलीच्या हाती पुन्हा सुई-दोराच का? आणि गिऱ्हाईक पैसे कशाचे मोजतं, वस्तूचे की तिच्या दुःखाचे?

आज मी असं सरसकट म्हणणार नाही. चिनी पोशाखातल्या जुन्या बाहुल्यांचा अभ्यास करताना माझं मत पालटलं.

शांघायमध्ये १९०१ साली कॉर्नेलिया बॉनेल आणि सहकारी मिशनरी स्त्रियांनी 'डोअर ऑफ होप' हे आश्रयघर उघडलं. कुंटणखान्यांतून सुटलेल्या, लहानपणीच विकल्या गेलेल्या मुली तिथे येत. मी अभ्यासलेल्या बाहुल्या याच घरातल्या. फूटभर उंचीच्या या बाहुल्यांची डोकी निंगबोचे कारागीर पेअरच्या लाकडात कोरत आणि कपडे या मुली शिवत. नवरी, नवरदेव, पाठीशी बाळ बांधलेली दाई, सुतकाचं जाडंभरडं वस्त्र नेसलेला माणूस. गवताचा पावसाळी अंगरखा घातलेला शेतकरी पाहिला की अकोले तालुक्यातल्या भातखाचरांतलं इरलं आठवतं.

मला थांबवलं ते आतल्या कपड्यांनी. वरचा झगा काढला की खाली आणखी कपडे, तेही नीट बेतलेले, इवल्याशा कापडी गुंड्या लावलेले. नुसती दया विकायची असती तर वरचं रेशीम पुरे होतं. जिथे कुणी उलगडून बघेल याची खात्री नाही, तिथेही टाका तितकाच बारीक आहे. हे कसब आहे, आणि कसबाचे पैसे मागण्यात लाचारी नाही. त्या घराचा खर्च भागवायला या विक्रीचा आधार होता.

जुन्या मताचा एक भाग मात्र मी सोडलेला नाही. सुई हा एकच रस्ता असू नये; जिला नर्स व्हायचंय, हिशेब शिकायचेत, तिला ते मिळालंच पाहिजे. बाहुल्या संग्रहांत जपल्या जातात, त्यांच्यावर त्या शिवणारीचं नाव नसतं, हेही मला बोचतं. पण नाव उघड झाल्यानं एखादीचं नवं आयुष्य धोक्यात येऊ शकतं. म्हणून ते लिहायचं की नाही, हे तिनंच ठरवावं.

दिवाळीच्या प्रदर्शनात आता मी विक्रेत्याला कहाणी विचारत नाही. पिशवी उलटी करून शिवण बघते, ती आवडली तर घेते, आणि सांगितलेल्या किमतीत घासाघीस करत नाही. शिवणारीचा मान राखायचा तर तिचं काम कामासारखं पारखावं, असं मला आता मनापासून वाटतं.