घरात मांजर असेल तर फुलदाणीत लिली नको



मी माणसांचा डॉक्टर आहे. तरीही हल्ली अधूनमधून फोन येतो, "डॉक्टर, आमच्या माऊनं कुंडीतलं पान खाल्लं आणि उलटी केली. काय देऊ?" आमच्या घरीही एक मांजर आहे, त्यामुळे समोरच्याची घालमेल मला कळते. माझं उत्तर ठरलेलं असतं : घरी काहीही देऊ नका, लगेच पशुवैद्यांकडे न्या. असं का सांगतो, ते आज समजून घेऊया.

मांजर म्हणजे लहान आकाराचं माणूस नव्हे. अनेक पदार्थ निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकण्याची यकृतातली एक महत्त्वाची प्रक्रिया मांजरात फार दुबळी असते. म्हणून आपण सहज घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. शिवाय मांजर दिवसभर अंग चाटतं. अंगावर पडलेले परागकण त्यामुळे आपोआप पोटात जातात.

कोणत्या झाडांपासून जपायचं?

१. लिली : सर्वात धोकादायक. पुष्पगुच्छात येणाऱ्या ओरिएंटल व एशियाटिक लिली आणि बागेतली डे लिली. पान, पाकळी, पराग, इतकंच काय, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची किडनी निकामी करू शकतं. यावर उतारा नाही. (पीस लिली नावापुरतीच लिली आहे. तिने तोंडाची आग होते, किडनी जात नाही.)

२. सायकस : नर्सरीत शोभेसाठी मिळतो. सर्व भाग विषारी, बिया सर्वात जास्त. यकृतावर घाला.

३. कण्हेर आणि पानफुटी : हृदयाचे ठोके बिघडवतात.

४. कळलावी : पावसाळ्यात कुंपणावर फुलते. तिच्यातलं कोल्चिसिन माणसालाही घातक असतं.

५. मनीप्लांट, डिफेनबाकिया : पानांत सुईसारखे स्फटिक असतात. लाळ गळते, तोंड सुजतं. जिवावर बेतणं विरळा.

६. कोरफड : आपल्याला गुणकारी, मांजराला उलट्या-जुलाब.

फसवी सुधारणा

आता सर्वात महत्त्वाचा मुद्दा. लिली खाल्लेलं मांजर काही तासांत उलट्या करतं, मलूल होतं. मग उलट्या थांबतात, घरच्यांना हायसं वाटतं. पण याच वेळी आत किडनीची हानी होत असते, आणि एक ते तीन दिवसांत ती पूर्ण निकामी होऊ शकते.

माणसांच्या वॉर्डात हा प्रकार मी पाहिला आहे. उंदीर मारायच्या पेस्टमधलं पिवळं फॉस्फरस पोटात गेलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी उठून बसतो, चहा मागतो. नातेवाईक म्हणतात, "आता बरा आहे, घरी सोडा." तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे होतात. विषबाधेत 'बरं दिसणं' आणि 'बरं असणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नातेवाइकांना हे पटवून देणं औषधोपचारापेक्षा कठीण जातं. मांजराला तर बोलताही येत नाही.

लिली पोटात गेल्यावर पहिल्या काही तासांत सलाइन सुरू झालं तर किडनी वाचण्याची शक्यता चांगली असते. लघवी बंद झाल्यावर नेलं तर हाती फारसं काही उरत नाही.

काय करावं?

- शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नका.
- झाडाचा फोटो किंवा पान सोबत न्या.
- अंगावर पराग दिसले तर ओल्या फडक्याने पुसा, चाटू देऊ नका.
- मीठपाणी पाजून उलटी करवू नका. आपल्या कपाटातली औषधं देऊ नका.

उंचावर ठेवलेली कुंडी मांजरापासून सुरक्षित नसते, हे मांजर पाळणाऱ्याला सांगायला नको. त्यामुळे विषारी झाड घरात न आणणं हाच खरा उपाय. हिरवाई हवी असेल तर अरेका पाम किंवा स्पायडर प्लांट लावा. माऊला चघळायला एका पसरट कुंडीत गहू पेरा. आठवड्याभरात कोवळी पाती तयार होतात. आमच्या गॅलरीत ती कुंडी कायम असते.

आणि कुणी लिलीचा गुच्छ दिलाच, तर आभार माना आणि तो मांजर नसलेल्या शेजाऱ्यांकडे पोचवा.