सही माझी, डोंगल कुणाचं?

चौकशीला आलेल्या साहेबांनी कागद पुढे सरकवला आणि विचारलं, “ताई, सही तर तुमचीच आहे ना?” त्या प्रश्नाचा राग अजून गेलेला नाही. सही माझीच होती. केली मात्र मी नव्हती.

परभणी जिल्ह्यातलं गोदाकाठचं आमचं गाव. डिसेंबर 2022 मध्ये मी थेट जनतेतून सरपंच झाले. जागा महिलेसाठी राखीव, पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा काढायला आता चेक चालत नाही. ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) आणि सरपंच, दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. माझ्या आधारावर काढलेलं सहीचं डोंगल पहिल्या दिवसापासून ग्रामपंचायतीच्या संगणक ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये. पिनसुद्धा त्यालाच पाठ.

मी मागितलं नाही असं नाही. ऑपरेटर म्हणाला, “ताई, घरी नेऊन काय करता? लेकरं हरवतील.” ग्रामसेवक म्हणाले, सगळ्याच गावांत असंच असतं, बिलं अडतील. घरी मालक म्हणाले, “कशाला वाकडेपणा घ्यायलीस?” उपसरपंचांनी तर विचारलं, “आमच्यावर विश्वास नाही का?” डोंगल त्यांच्याकडे नव्हतंसुद्धा! वस्तू किल्लीएवढी, पण मागितली की चार माणसांची तोंडं उतरायची. पंचायत समितीत तोंडी सांगितलं, तर म्हणाले लेखी द्या. लेखी द्यायचं तर अर्ज टाइप करणारा गावात तोच ऑपरेटर.

मग पाइपलाइनचं बिल निघालं. निधी बंधित, म्हणजे पाणी नि स्वच्छतेवरच खर्चायचा. पाइप अर्ध्या गल्लीत थांबलेला, पैसे पुरे गेलेले. वसुलीची नोटीस ग्रामसेवकाला आणि मला. ऑपरेटरचं नाव कुठेच नाही.

1958 च्या ग्रामपंचायत कायद्याचं 38 वं कलम वकिलांनी तेव्हा समजावलं. कारभाराचा अधिकार सरपंचाचा, जबाबदारीही त्याचीच. त्यातलं काही सोपवायचं तर उपसरपंचाकडे. ऑपरेटरच्या ड्रॉवरचा उल्लेख नाही. नव्याने निवडून येणाऱ्या बायांना माझं एकच सांगणं: डोंगल काढताना मोबाइल नंबर स्वतःचा द्या, नवऱ्याचा नको. आणि पिन पहिल्याच दिवशी बदला.

तरी त्या ऑपरेटर पोराचा मला पुरता राग येत नाही. त्याचं मानधन महिनोन्महिने अडकतं. दाखले, नमुना आठ, घरकुलाचे फॉर्म, सगळं तोच काढतो. तो दोन दिवस आला नाही तर कार्यालय उघडून उपयोग नाही.

त्या नोटिशीनंतर आता डोंगल माझ्या कपाटात असतं. मध्यंतरी आईच्या दवाखान्यासाठी नांदेडला होते, तेव्हा विहिरीवरची मोटार जळाली. ग्रामसेवकांचा फोन आला, डोंगल पाठवा, पिन सांगा. मी म्हटलं, परत आल्यावर. परतले तर नळाला पाणी चालू, पण मधले दिवस बायांनी शेतातून घागरी वाहिल्या होत्या. शेजारीण म्हणाली, “बस आता डोंगल उरावर घेऊन.” मला वाटून गेलं, ड्रॉवरच बरा होता.

मोटार वाइंडिंगला पैसे दिले होते ऑपरेटरने, उसने काढून. त्याचं बिल आता माझ्या सहीसाठी आलंय. पावती मागितली तर म्हणतो, वाइंडिंगवाला पावती देत नसतो.