शेरा आला म्हणजे अफरातफर नव्हे

मी पेडण्यातल्या हळर्णचा. बँकेत उभी हयात गेली, त्यामुळे आजारावर लिहितानाही हिशेबाची भाषा येते, सांभाळून घ्या.

ऑक्टोबर २०२१मध्ये गोवा सरकारने ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ ही मोहीम सुरू केली. क्रिकेटपटू युवराज सिंगची ‘यूवीकॅन’ संस्था सोबत होती. १ लाख बायकांची स्तनतपासणी मोफत करायची असं ठरलं. त्यासाठी आरोग्य केंद्रांत ‘आयब्रेस्ट’ नावाचं हातात मावणारं यंत्र आलं. ते एक्स-रे काढत नाही. स्तनावर टेकवलं की कुठला भाग जास्त कडक आहे तेवढं सांगतं. दुखत नाही, काही मिनिटांत काम होतं.

पुढच्या वर्षी आमच्या वहिनी वाड्यावरच्या बायकांबरोबर तपासून आल्या. हाताला काही लागत नव्हतं, तरी यंत्राने एका जागी खूण दाखवली. शेजारच्या काकींनाही दाखवली. पुढच्या तपासणीला बांबोळीला जा म्हटल्यावर वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, माका काय जावंक ना. उगीच गावात बोभाटा नको.”

मी म्हटलं, “वहिनी, ऑडिटरने शेरा मारला म्हणजे अफरातफर झाली असं नव्हे. पण शेऱ्याचं उत्तर दिल्याशिवाय फाइल बंद करता येत नाही.”

दोघी गेल्या. मॅमोग्राफी म्हणजे स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून काढलेला कमी मात्रेचा एक्स-रे. हाताला न लागणारे चुन्यासारखे बारीक कणही त्यात दिसतात. गाठ भरीव की पाण्याची, हे सोनोग्राफीत कळतं. कॅन्सर आहे की नाही, हे मात्र सुईने बारीक तुकडा काढून तपासल्यावरच ठरतं.

काकींची पाण्याची गाठ निघाली. वहिनींची कॅन्सरची होती, पण लहान. काखेत पसरली नव्हती. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. यंदा चवथीला माटोळीचं सामान त्यांनीच उभं राहून बांधून घेतलं.

एक सांगतो. यंत्राने काही दाखवलं नाही, तरी गाठ लागली, स्तनाग्रातून रक्त आलं किंवा कातडी आत ओढली गेली तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. आणि पुरुष मंडळींनो, “बायकांचं काय ते” म्हणून बाजूला होऊ नका. तारीख विचारा, गाडी काढा, रिपोर्ट हातात येईपर्यंत सोबत बसा.