लॉगला किती मानायचं?

संगणक मधूनच बंद पडतो, कधी निळा पडदा दाखवतो, तर कधी तेवढंही सौजन्य न दाखवता सरळ रीस्टार्ट होतो. अशी तक्रार आली की काही लोक लॉग उघडतात आणि काही लोक कॅबिनेट. मी अनेक वर्षं लॉगवाला होतो आणि कॅबिनेटवाल्यांना मनातल्या मनात कमी लेखायचो. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासणारा, पिशवीतून एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, काढून ‘हा लावून बघू’ म्हणणारा मेकॅनिक मला अंधारात बाण मारणारा वाटायचा. यंत्र स्वतः कारण लिहून ठेवत असताना ते न वाचता सुटे भाग बदलत बसायचं, हा अडाणीपणा आहे असं माझं ठाम मत होतं. ते आता तसं राहिलेलं नाही.

जुन्या मताला आधार नव्हता असं नाही. विंडोज खरोखरच बरंच काही लिहून ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तारीखवार नोंदी असतात. निळा पडदा आला की मिनीडम्पची छोटी फाइल तयार होते. ती उघडली की कोणता ड्रायव्हर चालू असताना गाडी घसरली ते दिसतं. दर वेळी त्याच वायफाय ड्रायव्हरचं नाव येत असेल, तर तो बदलायचा आणि विषय संपवायचा. अशी कित्येक यंत्रं मी स्क्रू ड्रायव्हरला हात न लावता मार्गी लावली आहेत. त्यातूनच अशी खात्री बसली की उत्तर लॉगमध्ये असतंच, वाचता आलं पाहिजे.

ती खात्री हलली डीटीपीच्या एका यंत्रामुळे. मी एका प्रकाशनाच्या कार्यालयातले संगणक बघतो. तिथल्या ऑपरेटर ताईंचा डेस्कटॉप मन मानेल तेव्हा रीस्टार्ट व्हायचा. लॉगमध्ये दर वेळी तीच नोंद: कर्नल-पॉवर, क्रमांक ४१, बगचेक कोड शून्य. या नोंदीचा अर्थ नीट पाहिला तर गंमत आहे. ती यंत्र बंद पडताना लिहिली जातच नाही. पुढच्या वेळी सुरू होताना विंडोजच्या लक्षात येतं की आपल्याला नीट बंद केलं गेलं नव्हतं, आणि मग ते तसं नोंदवतं. म्हणजे हा घटना होऊन गेल्यावरचा पंचनामा, आणि पंचांपैकी घटना पाहिलेला एकही नाही. कोड शून्य म्हणजे निळ्या पडद्याचीही नोंद नाही. तरी मी त्या नोंदींच्या वेळा मांडून, आसपास कोणते प्रोग्राम चालू होते याचा तक्ता करत बसलो होतो.

शेवटी कार्यालयाने मेकॅनिक बोलावला. त्याने तक्ता पाहिला, मान डोलावली आणि म्हणाला, “सर, हे सगळं बरोबर असेल. पण एसएमपीएस बदलून बघू या का?” बदलला. यंत्र शांत झालं. मी बिल काढायला सांगितलं, तर तो म्हणाला, “आत्ता नको. काही दिवस चालू दे, मग मी येऊन जुना परत लावतो.” चांगलं चाललेलं यंत्र मुद्दाम बिघडवायचं? पण ठरल्याप्रमाणे तो आला, जुना एसएमपीएस लावला आणि ताईंना म्हणाला, “ताई, आता रोजच्यासारखी प्रुफं काढा.” लेझर प्रिंटरने कागद ओढायच्या आधी फ्युजर तापवायला घेतला, डोक्यावरची ट्यूब क्षणभर मिणमिणली आणि डेस्कटॉप रीस्टार्ट झाला. प्रिंटर आणि संगणक एकाच एक्स्टेंशन बोर्डवर होते.

कारण कळल्यावर सगळं सरळ वाटतं. लेझर प्रिंटरचा फ्युजर तापताना एकदम मोठा करंट ओढतो, त्यामुळे त्या बोर्डवरचा व्होल्टेज क्षणभर खाली येतो. चांगला एसएमपीएस असा झोल पचवतो. एटीएक्सच्या मानकानुसार वीज गेल्यावरही त्याने १६ मिलिसेकंद तरी पुरवठा टिकवायचा असतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे हा अवधी एका आवर्तनापेक्षाही कमी. आतले कपॅसिटर म्हातारे झाले की तेवढाही दम राहत नाही. यूपीएस असूनही लाइट गेली की संगणक रीस्टार्ट होतो, त्यामागेही पुष्कळदा हेच असतं: यूपीएस बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद घेतो आणि तेवढा वेळ एसएमपीएसला काढता येत नाही. यातलं काहीच विंडोजच्या लॉगमध्ये येऊ शकत नव्हतं. ज्याची वीजच गेली, तो लिहिणार कसा?

एका उदाहरणावरून मत बदलू नये, म्हणून मी जाहीर झालेली प्रकरणं त्या नजरेने पुन्हा वाचली. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २००५ मध्ये एक किस्सा लिहिला होता. त्यांच्याकडे आलेल्या क्रॅश रिपोर्टांत शेकडो यंत्रं अशा सूचनेवर कोसळलेली दिसत होती, जी फक्त प्रोसेसरमधलं एक रजिस्टर शून्य करते. त्या सूचनेवर कोसळणं अशक्यच. शोध घेतल्यावर निघालं ते ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवणं. काही ग्राहकांना तर आपलं यंत्र दुकानदाराने आधीच ओव्हरक्लॉक करून विकलंय याचा पत्ताच नव्हता. इथे रिपोर्ट अचूक होता, कोसळण्याची जागा बरोबर होती, आणि तरी त्यात कारण नव्हतं.

२०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांबाबत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. खेळ बंद पडायचे आणि पडद्यावर यायचं की व्हिडिओ मेमरी संपली. लोक ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर बदलत बसले, कारण संदेश तिकडेच बोट दाखवत होता. दोष होता प्रोसेसरमध्ये. मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. इंटेलने जुलैमध्ये ते मान्य केलं, ऑगस्टमध्ये दुरुस्त मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मात्र जे प्रोसेसर आधीच खराब झाले होते ते या दुरुस्तीने बरे होणार नव्हते.

आणि लिनस टोरवाल्ड्स. लिनक्सच्या जनकाला लॉग वाचता येत नाहीत असं कोणी म्हणणार नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचं स्वतःचं यंत्र वेडंवाकडं वागू लागलं. त्याने आधी जुना कर्नल चालवून पाहिला, मग रात्रभर मेमटेस्ट लावला. अडीच वर्षं बिनतक्रार चाललेली रॅमची एक पट्टी बिघडली होती. ईसीसी मेमरीचा आग्रह धरणाऱ्या या माणसाच्या यंत्रात ती नव्हती, कारण यंत्र जोडलं तेव्हा ती वाजवी किमतीत मिळत नव्हती.

ईसीसीचा मुद्दा इथे मूळ दुखण्यावर बोट ठेवतो. ईसीसी रॅममध्ये जास्तीचे बिट असतात. एखादा बिट उलटला तर चूक दुरुस्त होते आणि तिची नोंदही होते. घरच्या आणि छोट्या कार्यालयांतल्या बहुतेक डेस्कटॉपांत ही सोय नसते. गूगलने २००९ मध्ये आपल्या सर्व्हरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त रॅमपट्ट्यांत निदान एक तरी चूक सापडली होती. ती मोजता आली, कारण त्या यंत्रांत ईसीसी होती. आपल्या डेस्कटॉपमध्ये तसाच बिट उलटला तर कोणालाच कळत नाही. कळतं ते थोड्या वेळाने, जेव्हा त्या बिटवर विसंबलेला एखादा निरपराध प्रोग्राम कोसळतो आणि लॉगमध्ये त्याचं नाव लागतं. आज ब्राउझर, उद्या प्रिंटरचा ड्रायव्हर, परवा आणखी कोणी.

म्हणून आता लॉग उघडताना मी त्याला एकच प्रश्न विचारतो: नाव दर वेळी तेच आहे की दर वेळी वेगळं? तेच असेल तर बहुधा सॉफ्टवेअर. रोज नवं नाव असेल, किंवा नावच नसेल, तर लॉग मिटायचा आणि कॅबिनेट उघडायचं.

पण अदलाबदलीलाही शिस्त लागते, आणि ती मी त्या मेकॅनिककडून घेतली. एका वेळी एकच भाग बदलायचा. रॅम, एसएमपीएस आणि थर्मल पेस्ट एकाच दुपारी बदलली, तर यंत्र सुधारेल पण कशाने ते कळणार नाही. खोडरबराचंही तसंच. पट्टीवरचा मळ निघाला म्हणून फरक पडला की काढून नीट बसवल्यामुळे, हे सांगता येत नाही. पुरावा मिळतो तो संशयित भाग परत लावून दोष परत आला तरच. आणि धीर धरायचा. बिघाड सरासरी दोन दिवसांतून एकदा येत असेल, तर काहीही न बदलता दोन दिवस शांततेत जाण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. ती ५ टक्क्यांवर यायला सहा दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी ‘झालं बरं’ म्हणणाऱ्यांत लॉगवाले असतात आणि कॅबिनेटवालेही. फॉरमॅट मारून ‘आता छान चालतंय’ असं त्याच संध्याकाळी सांगणाऱ्यांवर माझा विश्वास पूर्वीही नव्हता, आजही नाही.

कार्यालयात आता प्रिंटरला वेगळा प्लग आहे, आणि हिशेबाचं नवं यंत्र घेताना मी ईसीसी चालणारा मदरबोर्ड मागितला. एसएमपीएसच्या त्या दुरुस्तीच्या बिलात मेकॅनिकने दोन भेटी लावलेल्या होत्या. दुसऱ्या भेटीत नेमकं काय दुरुस्त केलं, असं हिशेबनिसांनी मला विचारलं. दुरुस्त काहीच केलं नाही, चालणारं यंत्र बिघडवून दाखवलं, असं सांगून मी बिलावर सही केली.