चार बोटांचा फरक



आपल्या गावात सप्ताह असेल, दिंडी असेल, तर आपण कधी ना कधी कोणाकडून काहीतरी घडवून घेतले असेलच. विठोबाची मूर्ती, पालखीचे नक्षीकाम, पखवाजाची शाई, नाहीतर पताकेवरचे नाव. आज घडवणाऱ्याची बाजू ऐकावी, एवढीच विनंती.

मी कर्जतजवळ शाडूच्या मूर्ती करतो. गिऱ्हाईक येते, मोबाइलवर मुंबईतल्या मोठ्या मंडळाच्या मूर्तीचा फोटो दाखवते आणि म्हणते, "अश्शीच हवी, पण दीड फुटात." किमतीचा विषय निघाला की आवाज मऊ होतो. "देवाचे काम आहे, सेवा समजा!" इसार देताना घाई मूर्तीची; उरलेले पैसे मात्र पुढच्या एकादशीवर जातात.

माती कोणाच्या घाईला जुमानत नाही. शाडू ओला असतो तोवर म्हणाल तसा वळतो. एकदा सुकला की त्याला ओली माती जोडता येत नाही. जोडलीच, तर ती सुकताना आकसते आणि सांध्याला भेग पडते. त्यात आमच्याकडचा आषाढातला पाऊस! सह्याद्रीच्या पायथ्याशी हवाच ओली, मूर्ती सुकता सुकत नाही.

खालापूर तालुक्यातल्या एका मंडळाने सप्ताहासाठी दोन फुटी विठ्ठल सांगितला होता. मूर्ती सुकली, पांढरा हात मारून झाला आणि मंडळी बघायला आली. त्यांच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "एक हात वर करा, आशीर्वादाचा. गणपतीला असतो तसा. लोकांना बरे वाटते."

भेगेची गोष्ट मी सांगितलीच, पण खरी अडचण वेगळी होती. विठोबाचे हात कमरेवर का, हे आपण कीर्तनात ऐकत आलो आहोत. माझ्या भक्ताला भवसागर एवढाच, कमरेइतका, असे तो दाखवतो. आद्य शंकराचार्यांच्या नावे असलेल्या पांडुरंगाष्टकातही हाच भाव आहे. तो हात उचलला तर मूर्ती सुंदर दिसेलही, पण विठोबाला जे सांगायचे तेच पुसले जाईल. मी नाही म्हटले. मंडळींनी मूर्ती नेली नाही. ती कार्तिकीपर्यंत फळीवरच होती. पुढे साजगावच्या यात्रेच्या दिवसांत एका कुटुंबाने ती नेली, ठरल्या किमतीच्या निम्म्याने. त्या वर्षी मातीचे आणि रंगाचे पैसे उसने काढून फेडले.

त्या दिवसांत मला संत नरहरी सोनार फार आठवत. महिपतींच्या भक्तिविजयातली ती कथा आपल्याला ठाऊकच आहे. सावकाराने विठ्ठलासाठी कडदोरा सांगितला. कट्टर शिवभक्त नरहरी देवळात जाईनात, म्हणून सावकाराने माप आणून दिले. कडदोरा चार बोटे आखूड झाला. दुरुस्त केला, तर चार बोटे लांब. शेवटी महाराज डोळे बांधून गाभाऱ्यात गेले. हाताला व्याघ्रचर्म लागले, गळ्यातला नाग लागला. डोळे उघडले तर समोर विठ्ठल!

या कथेत आपण हरिहराचे ऐक्य पाहतो, ते योग्यच. पण कारागिराला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. माप दुसऱ्याच्या हातून येत होते तोवर चार बोटांचा फरक राहिला. घडवणाऱ्याचा हात देवाला लागला तेव्हा तो मिटला. सावकाराचेही मोठेपण पाहावे. काम दोनदा चुकले, तरी त्याने दुसरा सोनार शोधला नाही.

म्हणून माउली, दोन गोष्टी सांगतो. काम सांगताना मखराची उंची, जागा, मनातले रूप, सारे आधी सांगावे आणि माती ओली असताना एकदा येऊन पाहावे. तेव्हा केलेली सूचना आम्हाला ओझे वाटत नाही. दुसरे म्हणजे, 'सेवा' हा शब्द घडवणाऱ्याच्या तोंडी शोभतो. घेणाऱ्याने तो किंमत पाडायला वापरला की त्याची मजुरी होते, आणि तीही बुडालेली. नरहरी महाराज सोनार होते, गोरोबाकाका कुंभार, सावता महाराज माळी. त्यांचे संसार त्यांच्या धंद्यावरच चालत.

मूर्तीचे डोळे आम्ही सर्वांत शेवटी आखतो. त्या वेळी मनात राग असेल तर कुंचला थरथरतो, आणि तो राग देवाच्या नजरेत उतरेल अशी भीती वाटते. म्हणून आखणीला बसण्याआधी मी कुंचला खाली ठेवून घटकाभर नाम घेतो. ते माझे काम, मी करीनच. मूर्ती घरी नेताना उरलेली रक्कम हातावर ठेवायची, एवढे आपण करावे.

रामकृष्णहरी!